दोन्हीकडच्या प्रकाशकांनी नाकारलेली भयकादंबरी आणि ब्रॅम स्टोकर पुरस्कार

रातराणी

भयकथा आवडीने वाचणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. विषय आहे जॉन लँगन यांची 'द फिशरमन' ही कादंबरी आणि तिला २०१६ सालासाठी मिळालेला ब्रॅम स्टोकर पुरस्कार, म्हणजे भयसाहित्यासाठी दिला जाणारा पुरस्कार. पुरस्कार जुना झाला, पण मराठीत या पुस्तकावर नीट बोलणं झालेलं माझ्या पाहण्यात नाही. ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लँगन न्यू यॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात राहतात आणि तिथल्याच न्यू पॉल्ट्झच्या विद्यापीठात शिकवत आले आहेत. ही कादंबरी त्यांच्याकडे दहा-बारा वर्षं रखडत होती. लिहून झाली तेव्हा भयसाहित्य छापणाऱ्यांना ती फारच साहित्यिक वाटली आणि साहित्यिक पुस्तकं छापणाऱ्यांना ती भयकथा वाटली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी! शेवटी २०१६ च्या जूनमध्ये वर्ड होर्ड या छोट्या प्रकाशनाने ती काढली. रॉस लॉकहार्ट हे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या पेटलुमा गावातून ते चालवतात. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लाँग बीचला, क्वीन मेरी या जुन्या जहाजावर भयलेखकांचं संमेलन भरलं होतं. तिथे वर्षातल्या सगळ्या भयकादंबऱ्यांमधून या पुस्तकाची निवड जाहीर झाली.

आता पुस्तकाबद्दल. शेवट फोडत नाही, निर्धास्त वाचा.

एब आणि डॅन हे दोघे आयबीएममधले सहकारी. एबची बायको मेरी लग्नानंतर थोड्याच काळात कॅन्सरने गेली. त्यानंतर एके सकाळी तो उठतो तेच मासे पकडायला जायचं असं डोक्यात घेऊन. का, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. डॅनची बायको आणि जुळी मुलं एका चौकात ट्रकच्या अपघातात गेली, तो एकटा वाचला. अपघातानंतर त्या चौकात सिग्नल बसवतात. डॅन पहाटे उठून गाडी घेऊन तिथे जातो, रस्त्याच्या कडेला थांबतो आणि तो सिग्नल बघत बसतो. लाल, हिरवा, पिवळा, पुन्हा लाल. ना भूत, ना रक्त. तरी मला अख्ख्या कादंबरीतली सगळ्यात भयंकर जागा हीच वाटते. हा सिग्नल आधी असता तर, एवढा एकच विचार आहे त्यात, आणि लँगन तो उघड बोलून दाखवत नाहीत.

पुढे हे दोघे नकाशावर मुश्किलीने सापडणाऱ्या एका ओढ्यावर, डचमन्स क्रीकवर जायला निघतात. वाटेत पाऊस लागतो म्हणून एका खाणावळीत थांबतात आणि तिथला आचारी हॉवर्ड त्यांना त्या ओढ्याची गोष्ट सांगतो. ती गोष्ट म्हणजे जवळजवळ अर्धी कादंबरी. शंभर वर्षांपूर्वी तिथे अशोकन नावाचं धरण बांधलं जात होतं, त्या छावणीतल्या कामगारांची ती गोष्ट आहे. एका मेलेल्या बाईला तिचा नवरा परत आणतो आणि तिथून सगळं बिघडत जातं.

मला एवढंच म्हणायचं आहे की ही कादंबरी आधी दुःखाची आहे आणि म्हणून भयाची आहे. गेलेलं माणूस परत मिळेल असं कुणी सांगितलं तर आपण काय द्यायला तयार होऊ, हा तिच्यातला खरा प्रश्न. दोन्ही प्रकारच्या प्रकाशकांना हे दिसलं नाही, पण स्वतः भयकथा लिहिणाऱ्यांना दिसलं आणि त्यांनी मतं दिली. या पुरस्काराचं मोल मला त्यात वाटतं.

तुमचं काय मत? कुणी वाचली आहे का?

---

केवडा

यादीत टाकली. सिग्नलचं वाचूनच गलबललं.

---

कंदील

छान धागा. पुरस्काराची पद्धत थोडी सांगतो, कारण छोट्या प्रकाशनाचं पुस्तक जिंकणं का अवघड असतं ते त्यातून कळेल.

ब्रॅम स्टोकर पुरस्कार हॉरर रायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना देते. १९८७ सालच्या पुस्तकांपासून सुरुवात झाली. पहिल्याच वर्षी कादंबरीसाठी स्टीफन किंगची 'मिझरी' आणि रॉबर्ट मॅकॅमनची 'स्वान साँग' यांना विभागून दिला होता. सभासद पुस्तकांची शिफारस करतात, शिवाय परीक्षकांची समिती काही पुस्तकं सुचवते. त्यातून आधी लांब यादी निघते, मग छोटी, आणि शेवटचं मतदान सभासद लेखकच करतात. चिन्ह म्हणून एक झपाटलेलं घर मिळतं. त्याचं इवलंसं दार उघडलं की आत विजेत्याचं नाव आणि पुस्तकाचं नाव.

मतदान आलं की नावाजलेल्या लेखकाला फायदा होणारच. ज्याचं पुस्तक दुकानात समोरच्या टेबलावर रचलेलं असतं, ते जास्त लोकांनी वाचलेलं असतं. छोट्या प्रकाशनाकडे ना जाहिरातीचा पैसा, ना दुकानांत जागा. 'वाचलंस का?' असं एकाने दुसऱ्याला विचारत पुस्तक पुढे सरकतं. अशा पुस्तकाला मतं पडली याचा अर्थ लोकांनी ते शोधून वाचलं.

याउलट शर्ली जॅक्सन पुरस्कार, हा भयसाहित्याचाच दुसरा पुरस्कार, परीक्षक ठरवतात, तिथे मतदान नसतं. त्याच्या संस्थापकांमध्ये स्वतः लँगनही आहेत.

---

वेताळटेकडी

वाचली आहे आणि माझं मत थोडं वेगळं आहे.

पहिला भाग अप्रतिम. एब-डॅनची दोस्ती, दोन अबोल पुरुष शेजारी शेजारी गळ टाकून बसलेत, हे फार खरं आहे. पण हॉवर्डची गोष्ट सुरू झाली की ती संपतच नाही. जर्मन प्रोफेसर रायनर, त्याचं कुटुंब, छावणी, जादूच्या पोथ्या, काळा समुद्र, दोर, गळाचे आकडे. मला दोनदा पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. शिवाय आचाऱ्याने हे सगळं ऐकीव सांगितलं म्हणे! कुणाच्या घरात कोण काय बोललं, मनात काय आलं, हे त्याला कसं ठाऊक?

प्रकाशकांनी नाकारली त्यात त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. एखाद्या कसलेल्या संपादकाने मधली साठ पानं काढायला लावली असती तर पुस्तक आणखी धारदार झालं असतं. छोट्या प्रकाशनात लेखकाला मोकळीक मिळते ती अशी दोन्ही बाजूंनी लागू होते.

---

रातराणी

@वेताळटेकडी, तुमचा आक्षेप मी समजू शकते, पण मान्य करणार नाही.

हॉवर्डला इतकं कसं ठाऊक, हा प्रश्न एबलाच पडतो. नंतर आठवायला बसतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आपल्या डोक्यात असलेली गोष्ट हॉवर्डने त्या दिवशी सांगितली असेल त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. कानावर न पडलेले तपशीलही त्याला आठवतात. ती गोष्ट त्याच्या आत शिरून वाढत राहिली आहे. भयकथेच्या दृष्टीने ही जागा मला जबरदस्त वाटते. तो भाग आटोपशीर केला असता तर नेमकं हेच हातचं गेलं असतं.

आणि मधल्या भागाची लांबी मला तरी खटकली नाही. धरण बांधून व्हायला जी वर्षं लागतात ती वाचकालाही जाणवायला हवीत.

---

हडसनकाठी

या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण मी त्याच भागात राहतो. पकीप्सीला आयबीएममध्ये नोकरी, त्यामुळे कादंबरीतलं ऑफिस माझ्या ओळखीचं आहे. या खोऱ्यात आयबीएमची मराठी मंडळी बरीच आहेत आणि आमच्यातल्या जुन्या लोकांना नव्वदच्या दशकातली कपात, किंग्स्टनचा बंद पडलेला कारखाना, सगळं लख्ख आठवतं. पुस्तकात त्या काळाची सावली आहे.

अशोकनबद्दल सांगतो. धरण खरं आहे. न्यू यॉर्क शहराला पाणी हवं होतं म्हणून एसोपस नदी अडवली. १९०७ ते १९१५ काम चाललं. जवळपास २००० माणसं उठवली. वस्त्या रिकाम्या केल्या, घरं-झाडं पाडून जाळली, आणि सुमारे २८०० थडगी उकरून मेलेल्यांना दुसरीकडे पुरलं. कामावर इटालियन होते, दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय होते, त्यांची मोठी छावणी होती, तिच्यात शाळा होती, बेकरी होती. तिथून शहरापर्यंत सुमारे १४८ किलोमीटरचा जलमार्ग बांधला. आजही मॅनहॅटनमध्ये नळ सोडला की त्यात हे पाणी असतं, आणि ते गाळणी प्रकल्पात न नेता थेट येतं इतकं स्वच्छ राखलेलं आहे.

जलाशयाभोवतीच्या रस्त्यावर ठिकठिकाणी तपकिरी पाट्या आहेत: इथे पूर्वी वेस्ट हर्ली गाव होतं, इथे शोकान होतं. पाटीमागे नुसती झाडं, त्यांच्यामागे पाणी. पोहायला बंदी, मोटरबोटीला बंदी. परवाना काढला तर वल्ह्याची होडी चालते, पण ती होडी दुसऱ्या कुठल्या पाण्यात न्यायची नाही. त्यामुळे लोक होड्या तिथेच ठेवून जातात. काठाने चालताना झाडाला साखळीने बांधलेल्या, पालथ्या घातलेल्या धातूच्या होड्यांची रांग दिसते, काहींवर पाचोळ्याचा थर बसलेला. पुस्तक वाचल्यानंतर मी तिथे संध्याकाळचा जात नाही, हे अगदी खरं सांगतो.

लँगन यांनी हे सगळं जवळून पाहिलेलं आहे हे पानोपानी कळतं. त्यांनी गावांची नावं बदलली आहेत (किंग्स्टनचं विल्टविक, न्यू पॉल्ट्झचं ह्यूगनॉट), पण डोंगर, रस्ते, पाऊस तोच.

---

इंदापूरकर

हडसनकाठी, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडचंच वाटलं.

माझं आजोळ उजनीच्या पाण्यात आहे. भीमेवर धरण झालं, १९८० च्या सुमाराला पाणी भरलं आणि गाव वर सरकलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवला पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. आता लोक होडीने, गाड्या काढून बघायला येतात, फोटो काढतात. माझी आजी होती तोवर तिला न्यायचो. ती देवळात कधी गेली नाही. चिखल वाळून भेगा पडलेल्या रानात उभी राहून हाताने दाखवायची: हा आपला वाडा, ही म्हसोबाची जागा, इथं विहीर, इथनं पुढं पाय टाकू नका. विहीर गाळाने कधीच बुजलेली. तरी ती आम्हाला त्या बाजूला फिरकू द्यायची नाही.

असं असताना धरणाची भयकथा मराठीत का झाली नाही? मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा, सेनापती बापटांचा. म्हणजे अशोकनचं पाणी सुरू झालं आणि पाच-सहा वर्षांत मुळशीचे शेतकरी धरणाच्या कामावर आडवे पडले. मग कोयना, उजनी. देव हलवले, म्हातारी माणसं नव्या गावठाणात झुरून गेली. विस्थापनावर आपल्याकडे लेखन झालं आहे, पण ते बहुतेक चळवळीच्या बाजूने. पाण्याखाली काय राहिलं असेल, ही भीती आजीच्या तोंडून ऐकली, पुस्तकात नाही वाचली.

---

केवडा

इंदापूरकर, आमच्या गोव्यात कुर्डी आहे. साळावली धरणात गेलेलं सांगे तालुक्यातलं गाव. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि गावची माणसं जमतात, देवळात पूजा होते, चॅपलमध्ये प्रार्थना होते. पावसाळ्यात परत पाण्याखाली. मोगूबाई कुर्डीकर तिथल्याच.

मला तिथे गेल्यावर भीती वाटत नाही, माणसं भेटतात म्हणून बरंच वाटतं. पण रातराणी म्हणते तो प्रश्न तिथे मनात येतोच. वर्षातून काही दिवस सगळं परत मिळतं, आणि मग पुन्हा सोडून यावं लागतं.

---

कंदील

इंदापूरकरांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देतो. लेखक होते, पण भयकथेकडे गंभीरपणे पाहणारी व्यवस्था नव्हती.

नारायण धारप (१९२५-२००८) यांनी आयुष्यभर हाच प्रकार लिहिला. वाचक किती, तर कुठल्याही गावातल्या भाड्याच्या लायब्ररीत धारपांची पुस्तकं बघा, बांधणी सुटलेली, पानं दुमडलेली, शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं. इतकी हाताळली गेलेली पुस्तकं मराठीत फार थोडी. पण समीक्षेत त्यांना स्थान नाही. रत्नाकर मतकरींना (१९३८-२०२०) मान मिळाला तो मुख्यतः नाटकासाठी, बालसाहित्यासाठी. साहित्य अकादमीनेही त्यांना बालसाहित्याचाच पुरस्कार दिला, २०१८ मध्ये. त्यांच्या गूढकथा वाचून रात्री दिवा चालू ठेवून झोपलेल्या दोन पिढ्या आहेत, त्या कथांसाठी मात्र कुणी असा पुरस्कार दिला नाही.

आता कुणी म्हणेल, जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी मिळाला होता (प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला आणि त्यांनी तो परत केला, तो भाग निराळा). त्या कथांमध्ये भय आहेच. पण जीएंना पुरस्कार देताना कुणी त्यांना भयकथाकार मानलं नव्हतं. वर चढायचं तर भयकथेचं नाव टाकून चढा, अशी आपली रीत आहे. लँगनना दोन्हीकडून जे ऐकावं लागलं तेच हे.

---

वेताळटेकडी

@कंदील, इथे शंभर टक्के सहमत. एक भर घालतो: 'नवल', 'हंस', 'धनंजय' यांसारखे दिवाळी अंक नसते तर मराठी गूढकथा-भयकथा टिकलीच नसती. अनंत अंतरकरांसारखे संपादक या कथा आवर्जून मागवायचे. नव्या लेखकाला आजही तोच दरवाजा उघडा आहे. कादंबरीसाठी मात्र तसा दरवाजा नाही.

---

शाईपेन

एका छोट्या मराठी प्रकाशनात संपादनाचं काम करते, त्या बाजूने लिहिते.

आमच्याकडे भयकथांची हस्तलिखितं येतात, आणि चांगली येतात. विदर्भातल्या बंद पडलेल्या खाणीतली गोष्ट, मुंबईत चाळ पाडून टॉवर उभा राहिला त्या टॉवरमधली गोष्ट. नकार देताना जीव तुटतो. अडचण विक्रीची आहे. वितरक भयकथा म्हटलं की स्टेशनवर विकायचं स्वस्त पुस्तक समजतो, आणि दुकानदार गंभीर कादंबऱ्यांच्या कपाटात ते लावत नाही. पाचशे प्रतींची आवृत्ती काढली तरी पैसे मोकळे व्हायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर दुसरं पुस्तक हाती घेता येत नाही.

अशा वेळी पुरस्काराने काय होतं ते सांगते. रोख रक्कम किती यापेक्षा मुखपृष्ठावरची ती एक ओळ जास्त कामाची. तेवढ्या ओळीवर ग्रंथालयं मागणी नोंदवतात, दिवाळी अंकवाले लेखकाचा फोन नंबर विचारतात, पुस्तक दुसऱ्या आवृत्तीला जातं. भयकथेसाठी मराठीत एकही ठळक पुरस्कार नाही, याचा फटका असा थेट हिशोबाच्या वहीत दिसतो.

आणि तो पुरस्कार भयकथा लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी द्यावा. विद्यापीठातल्या समितीने दिला तर पुन्हा तोच प्रश्न येईल: हे साहित्य आहे की नाही?

वेताळटेकडी यांचा संपादनाचा मुद्दा मात्र मला पटतो. छोट्या प्रकाशनात लेखकाशी भांडायला वेळ असतो, तो वापरायला हवा. लेखकाला मोकळं सोडणं आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणं यात फरक आहे.

---

इंदापूरकर

शाईपेनताई, चाळीच्या जागी टॉवर ही गोष्ट कृपा करून छापा. मी दहा प्रती घेतो, आत्ताच शब्द देतो.

---

हडसनकाठी

आणखी वाचायचं असेल तर ग्वेंडोलिन किस्ट यांची 'द रस्ट मेडन्स' घ्या. तीही छोट्या प्रकाशनाची, २०१८ सालासाठी पहिल्या कादंबरीचा स्टोकर तिला मिळाला. १९८० चं क्लीव्हलंड, पोलादाचा कारखाना बंद पडायच्या बेतात, आणि गल्लीतल्या मुलींची शरीरं गंजू लागतात, कातडीखाली काच आणि लोखंड दिसू लागतं. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ते पुस्तक फार लागेल. गॅबिनो इग्लेसियस यांचंही नाव लिहून ठेवा. त्यांची आधीची पुस्तकं छोट्या प्रकाशनांनीच काढली, आणि मग २०२२ सालासाठी कादंबरीचा स्टोकर त्यांच्या 'द डेव्हिल टेक्स यू होम'ला मिळाला.

---

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

दोन गोष्टी सुचवते. 'द फिशरमन' आपण एकत्र वाचू. पुस्तकाचे तीन भाग आहेत, त्यामुळे एका भागाला दोन आठवडे असं ठेवू. शेवटाबद्दल जे बोलायचं ते वेगळ्या धाग्यावर, म्हणजे नवीन वाचणाऱ्यांचा रसभंग होणार नाही. वेताळटेकडी, मधल्या भागाच्या चर्चेची सुरुवात तुम्हीच करा. तुमचे आक्षेप सविस्तर यायला हवेत, मी माझी बाजू मांडेनच.

दुसरं, इंदापूरकर आणि केवडा, तुम्ही दोघांनी पाण्याखालच्या गावांवर लिहा. गोष्ट म्हणून लिहा. शाईपेन, दिवाळी अंकांसाठी कथा साधारण कधीपर्यंत पाठवाव्या लागतात?

---

शाईपेन

बहुतेक अंकांचं जुलैअखेर बंद होतं, काहींचं त्याआधीच. शब्दमर्यादा अंकागणिक वेगळी असते, आधी विचारून घ्या. इंदापूरकर, कच्चा खर्डा झाला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विहिरीपासून सुरू करा.